अंथुर्ण्याच्या खड्ड्यातला जबडा

ओव्हरसियर म्हणजे नेमके काय, हे माझ्या सासऱ्यांना अखेरपर्यंत समजले नाही. "आमचे जावई पाण्यात असतात," असे ते लोकांना सांगत आणि ऐकणारे हळहळत. प्रत्यक्षात माझे काम अगदी कोरडे होते. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मी नीरेच्या डाव्या कालव्याच्या काठाने सायकल रेटत असे. भराव कुठे खचला आहे ते पाहायचे, बिळे बुजवायची, पाळीचे पाणी सोडायचे आणि ज्याला पाळी मिळाली नाही त्याचे निमूटपणे ऐकून घ्यायचे, हा माझा दिनक्रम.

कन्हेरीजवळ एकदा एका लहान चारीचा भराव फुटला. पाहणीला आलेल्या साहेबांनी बराच विचार करून 'कारण अज्ञात' असे लिहिले. कारण त्या वेळी माझ्या हातात होते आणि मला चावत होते. तो एक चांगला पोसलेला खेकडा होता. पण खेकडा म्हटले की अहवालाचे वजन जाते. तेव्हापासून मोठ्या शब्दांत लिहिलेले काही वाचले, की त्याच्या मागे खेकडा कुठे आहे हे मी आधी पाहतो.

मात्र एकदा मीच कागदावर दोन शब्द कमी लिहिले आणि त्यापायी एक माणूस गावाबाहेर जायची वेळ आली. ती हकीकत एकोणीसशे तीसनंतरच्या दशकातली, अंथुर्ण्याची.

आधी धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. नवी चारी काढायची तर तिच्या वाटेवर ठरावीक अंतराने चाचणीचे खड्डे घेतात. खाली माती कसली, मुरूम किती, दगड कधी लागतो, हे आधी कळले नाही तर पाणी सोडल्यावर कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. खड्डा उभ्या भिंतीचा काढायचा, टेप सोडायची आणि वरून खाली थर लिहायचे. इतके फूट काळी, इतके फूट पिवळी चिकण, इतके फूट चुनखड, खाली वाळू-गोटे, त्याखाली काळा पाषाण. ही यादी मी इतक्या वेळा लिहिली, की आमच्या घरी वांग्याच्या भाजीतही मला थर दिसत.

अंथुर्ण्याच्या शिवारात, ओढ्याच्या अलीकडे, रघूतात्यांच्या जमिनीत असा एक खड्डा चालला होता. रघूतात्या म्हणजे पन्नाशीचा, हाडापेराने रुंद, तोंडाने फटकळ शेतकरी. खणणाऱ्या वडार मंडळींचा मुकादम यल्लप्पा. चौदा फुटांवर यल्लप्पाने कुदळ थांबवली आणि मला हाक मारली. पिवळ्या चिकणमातीत एक जबडा, शिंगाचे एक जाड बूड आणि फासळ्यांचे तुकडे दिसत होते. जबडा गुराचा होता, हे कोणालाही कळले असते. मी संध्याकाळच्या नोंदीत लिहिले : 'चौदा फुटांवर गुराची हाडे. काम चालू.' हाडांचा दगड झालेला आहे, हे माझ्या लक्षात आले होते. शिंगाचे बूड एकट्याला उचलवत नव्हते. पण यादीत हाडांसाठी रकाना नव्हता आणि मला जेवायला जायचे होते. 'दगड झालेली' हे दोन शब्द राहिले ते असे.

नोंदवही कालव्याच्या सरकारी बंगल्यावर गेली. तिथे तालुका बोर्डाचे मेंबरसाहेब चहाला आले होते. मेंबरसाहेबांना भाषणाची सवय होती. गुरांच्या हौदाला नवा दट्ट्या बसवला तरी ते नारळ फोडून त्यावर वीस मिनिटे बोलत. त्यांनी वही सहज चाळली, ती ओळ वाचली आणि चहा अर्धा टाकून उठले.

त्याचे कारण असे. सहा वर्षांपूर्वी अंथुर्ण्याच्या पाटलांनी भैरोबाच्या नावाने एक खिलार वळू सोडला होता. देवाचा वळू म्हणजे त्याला कोणी हटकायचे नाही. त्याने रघूतात्यांचा उभा शाळू दोनदा फस्त केला. तात्या चावडीवर उभे राहून म्हणाले, "पुन्यांदा रानात आला तर गाडतो त्येला." पुढच्याच महिन्यात वळू नाहीसा झाला. कोणी म्हणे चोरीला गेला, कोणी म्हणे नीरेच्या पुरात गेला. आता तात्यांच्याच रानात, जमिनीखाली, गुराची हाडे निघाली होती, आणि तसे सरकारी वहीत लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी खड्ड्याभोवती जत्रा जमली. मेंबरसाहेब मातीच्या ढिगावर चढले. "बंधूंनो, ही नुसती हाडे नव्हेत," त्यांनी सुरुवात केली. "हा भूमातेच्या उदरातून आलेला हुंकार आहे!" यल्लप्पा माझ्या कानाशी म्हणाला, "सायेब, ते उभं हाईत ती कड ढासळतीया. सांगू का?" मी म्हणालो, "जरा थांब."

ती ढासळली नाही. भाषण पुरते झाले. निवाडा आठ दिवसांनी, तोवर रघूतात्यांशी देवघेव बंद, असे ठरले. त्यांच्या हातचे कोणी घ्यायचे नाही, त्यांच्या हातात कोणी द्यायचे नाही. निवाडा उलटा गेला तर कायमचे तेच. बेंदूर तोंडावर आला होता. त्या सणाला बैलांची मिरवणूक निघते. तात्यांची जोडी तालुक्यात नावाजलेली, पण ती आता गोठ्यातच राहणार होती. त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न कन्हेरीला ठरले होते, तिकडून 'जरा थांबू' असा निरोप आला.

मी तात्यांच्या वस्तीवर गेलो. ते बाजेवर बसले होते. मला पाहून उठले, आत वळले आणि दारातच थांबले.

"सायेब, पानी देऊ का नगं?"

असा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "तांब्या भरून द्या." मी पाणी पीत असताना ते माझ्याकडे एकटक पाहत होते.

"म्या बोललो हुतो, सायेब," ते म्हणाले. "गाडतो म्हनलो हुतो. ह्या तोंडानं लई जनावरं मारली म्या. शेजाऱ्याच्या शेळ्या मारल्या, पाटलाचं घोडं मारलं, तुमास्नीबी दोन डाव मारलं पानी चुकलं तवा. हातानं येकबी न्हाय."

"मला ठाऊक आहे."

"तुमाला कसं ठावं?"

"देवाचा वळू सहा वर्षांपूर्वीचा. खड्ड्यातला तुमच्या खापरपणज्याच्याही आधीचा आहे."

त्यांचा विश्वास बसला नाही. मीही हे जरा जोरात बोललो होतो. वाचनात आले होते म्हणून बोललो. पुण्याला ओव्हरसियरचा अभ्यास करताना खडकांच्या थरांवर आम्हाला एक जाडजूड पुस्तक होते, ते मी परीक्षेनंतरही वाचले होते. वर्गात मी तसा एकटाच निघालो.

त्याच दुपारी मी पुण्याच्या एका कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना पत्र लिहिले आणि सोबत एक सुटी दाढ पाठवली. तिकडे मेंबरसाहेबांनी खड्डा बुजवून हाडे नीरेत सोडायचा हुकूम दिला होता. गावाचे पाप झाकायचे होते त्यांना. खड्डा बुजला असता तर तात्यांच्या बाजूचा एकमेव साक्षीदार गेला असता. मी पाटलांना नियम दाखवला, की चाचणीचा खड्डा वरिष्ठांनी पाहिल्याशिवाय बुजवता येत नाही. नियम खरा होता. वरिष्ठ मात्र रजेवर होते. लाल फितीचा इतका चांगला उपयोग मला पुन्हा कधी करता आला नाही. शिवाय खड्डा उघडा ठेवायचाच आहे तर काम का थांबवा, म्हणून यल्लप्पाला आणखी खाली जायला सांगितले.

पाचव्या दिवशी प्राध्यापकांचे उत्तर आले. त्यात अभिनंदन वगैरे काही नव्हते, नुसते प्रश्न होते. जबड्याच्या वर कोणता थर आहे? तो अखंड आहे का? खाली काय आहे? वरच्या काळ्या मातीत हाडे मिळाली का, आणि ती कशी आहेत? 'एकट्या जबड्याला काही अर्थ नाही,' त्यांनी लिहिले होते. 'तो कुठे होता, हे त्याच्याइतकेच महत्त्वाचे. नदी माती आणून टाकते तेव्हा जुने खाली आणि नवे वर राहते. खालून वर वाचत या. वरची हाडे आजच्या जनावरांसारखी दिसतील. खाली जाल तसा चेहरामोहरा बदलत जाईल, पण ठेवण ओळखीची राहील. आजची जनावरे कालच्या जनावरांपासून बदलत बदलत आली, याचा हा पुरावा आहे.' दाढेबद्दल एवढेच होते, की ती रानबैलाच्या एका नष्ट झालेल्या जातीची दिसते. तो आपल्या गुरांचा थेट आजोबा की चुलत आजोबा, हे एका दाढेवरून सांगण्याचे धाडस ते करणार नव्हते. मला हा माणूस एकदम आवडला. खेकडा असेल तर खेकडा असे लिहिणाऱ्यांपैकी होता.

मी त्यांच्या प्रश्नांप्रमाणे कामाला लागलो. शेजारच्या खड्ड्यात, काळ्या मातीत हातभर खाली, खापरांबरोबर एका बैलाचा जबडा मिळाला होता. तो हुबेहूब आजच्यासारखा होता. मधे चौदा फुटांवर आमचा दगडी जबडा. आणि सहाव्या दिवशी यल्लप्पाने अठरा फुटांवर वाळू-गोट्यांतून एक चीज वर पाठवली. पाटीत मावेना इतकी मोठी दाढ होती ती, आणि तिच्यावर जात्याला टाकी लावल्यासारख्या आडव्या पट्ट्या. ती हत्तीची होती.

"हितं हत्ती?" यल्लप्पा म्हणाला. "हितं शेळीला पाला घावंना, सायेब."

"तेव्हा घावत असणार. गवत होते, पाणी होते, म्हणून तो होता."

"मग गेला कुटं?"

"तेच तर विचारायचे आहे."

निवाड्याच्या दिवशी सगळे गाव खड्ड्याशी आले. चावडीत नको, जागेवर बसू, एवढे मी पाटलांकडून कबूल करून घेतले होते. रघूतात्या दूर बाभळीखाली एकटे उभे होते. मी प्राध्यापकांचे पत्र वाचून दाखवले. त्याचा काहीएक परिणाम झाला नाही.

"पुण्याचे पत्र!" मेंबरसाहेब म्हणाले. "पुण्याच्या माणसाला आमच्या वळूची काय पारख?"

यात चूक काही नव्हती. पारख असलेला माणूस मी आधीच बोलावून ठेवला होता. गेनबा हे बारामतीच्या बाजारातले जनावरांचे जुने दलाल. वय सत्तरीच्या घरात, डोळे अधू, पण बोटे शाबूत. जनावराचे वय दातांवरून सांगतात. पुढचे दुधाचे दात जोडीजोडीने पडतात आणि मोठे येतात. दोन आले की दोनदाती, मग चौदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळलेला. गेनबा न बघता, नुसती बोटे फिरवून हे सांगत. त्यांच्या शब्दावर दोन्ही तालुक्यांत सौदे तुटत आणि जुळत.

आधी यल्लप्पा बोलला. खड्ड्याच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "पाटील, ही काळी, खाली ही पिवळी, आन दोन्हीच्या मधी ह्यो चुनखडीचा पट्टा. हाडं हुती पट्ट्याच्या खाली. गाडायचं म्हनलं तर पट्टा फोडावा लागतुया. फोडल्याली माती परत टाकली की काळी-पिवळी खिचडी हुती. देव जरी आला तरी थरावर थर लावून बुजवत न्हाय. पट्टा बघा, कुटं सांधा हाय का."

पाटील खाली उतरले. भिंत चारही बाजूंनी पाहिली, नखाने चुनखड खरवडली. वर आले तेव्हा कपाळावरची आठी गेली होती.

मग गेनबांपुढे जबडा ठेवला. त्यांनी आधी तो बोटाच्या पेराने ठोकला. ठण्ण वाजला. "आयला, भांडं हाय का काय!" मग डोळे मिटले आणि बोटे फिरवू लागले. पुढचे दात गळालेले होते, पण खोबणी होत्या. त्या त्यांनी मोजल्या, दाढांच्या माथ्यावर अंगठा घासला.

"आठ," गेनबा म्हणाले. "पुरा जुळल्याला. दाढा झिजून सपाट झाल्यात. म्हातारा हुता गडी." मग पाटलांकडे तोंड वळवले. "रामराव, तुमचा वळू म्याच दिला हुता न्हवं? दोनदाती. वरीस भरलं न्हाय तवर गेला. चौदातीबी पुरता झाला नसंल."

"व्हय," पाटील म्हणाले.

"मग ह्ये आठ कुनाचं?"

मेंबरसाहेब पुढे झाले. "पण गेनबा, सहा वर्षं जमिनीत होता तो. तेवढ्यात..."

"गाडल्यावर कांदा मोठा हुतो, सायेब," गेनबा म्हणाले. "दात न्हाय."

त्या हशाने बाभळीवरचे पक्षी उडाले. मी सरकारी नोकरीत असल्यामुळे हसू आवरले, पण तो प्रसंग आठवला की ते आवरणे मला आजही जड जाते.

गेनबा मात्र हसण्यात नव्हते. त्यांचा हात जबड्यावरून निघत नव्हता. मी काळ्या मातीतला जबडा त्यांच्या दुसऱ्या हाताशी सरकवला. ते एकाकडून दुसऱ्याकडे बोटे नेत राहिले.

"ह्यो आपल्याच कुळीतला हाय," शेवटी म्हणाले. "दाढंवरली नक्षी तीच, बारीकसारीक वळण तेच. पर आपला न्हवं. असला जबडा आन असलं शिंगाचं बूड उभ्या जल्मात बघितलं न्हाय म्या. ह्ये कसं काय, वरशेरसायेब?"

मी म्हणालो, "तुम्ही खिलार कशी घडवता?"

"आमी? शिंगं नीट मागं गेल्याला, पायात चपळ असला वळू ठेवायचा. बाकीचा न्हाय ठेवायचा. आज्ज्यानं निवडला, बानं निवडला, म्या निवडला. आज्ज्याच्या दावणीचा बैल आज माझ्या दावणीला बांधला तर पावना वाटंल..." ते थांबले. बोटे पुन्हा दगडी दाढेवर गेली. "तीन पिढ्यांत येवढा फरक. आन ह्येला तर नदीनं चौदा फूट माती घालस्तवर येळ दिला!"

प्राध्यापकांनी पानभर लिहिलेले गेनबांनी एका वाक्यात सांगितले, आणि ते अंथुर्ण्याच्या शंभर माणसांना कळले. मी पुस्तक वाचून जिथे पोचलो होतो तिथे हा माणूस बोटांनी पोचला होता.

"पर तवा निवडनारा कोन हुता?" पाटलांनी विचारले.

"दुष्काळ," मी म्हणालो. "वाघ. गवत. ज्याला निभले तो राहिला, त्याची वासरे राहिली. पुढे माणसाने दावण बांधली आणि निवड तुमच्याकडे आली. ज्याला निभले नाही तो गेला. हा पाहा एक." आणि मी हत्तीची दाढ पुढे ठेवली. ती बघायला माणसे एकमेकांच्या खांद्यावर चढली.

मेंबरसाहेबांना वारा कुठून वाहतो हे चटकन कळत असे. ते पुन्हा मातीच्या ढिगावर चढले. "अंथुर्ण्याच्या या आद्य वृषभाने आज जगात आपले नाव केले आहे," ते म्हणाले, "आणि या मंगल प्रसंगी गाव रघुनाथरावांना उदार मनाने क्षमा करीत आहे!"

"क्षमा कशाची?" गेनबांनी विचारले.

पाटलांनी बाभळीकडे पाहून हाक दिली, "रघू, ये. चुकलं आमचं."

रघूतात्या आले. मला वाटले, आता हा फटकळ माणूस आठ दिवसांचे सगळे बाहेर काढणार. मेंबरसाहेबांनाही तसेच वाटले असावे, कारण ते ढिगावरून उतरून पाटलांच्या मागे झाले. तात्या सरळ मांडलेल्या हाडांपाशी गेले. हत्तीची दाढ उचलून त्यांनी पोटाशी धरली, उलटीसुलटी केली, पट्ट्यांवरून बोट फिरवले. आपल्या रानात, शाळूच्या मुळांखाली, हे होते, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर चालला होता.

"सायेब," ते मला म्हणाले, "ह्येच्या खाली काय हाय?"

"आणखी थोडी वाळू, मग काळा दगड."

"वाळूत काय असंल?"

"माहीत नाही."

"म्हंजी तुमालाबी ठावं न्हाय?"

"कोणालाच ठाऊक नाही, तात्या."

त्यांनी दाढ माझ्या हातात दिली, यल्लप्पाच्या खांद्यावरची कुदळ घेतली आणि शिडीने खाली गेले. थोड्या वेळाने वाळूने भरलेली पहिली पाटी दोन हातांनी वर आली आणि तशीच अधांतरी राहिली. आठ दिवसांत त्या हातांतून कोणी काही घेतले नव्हते. पाटी वर करायचे काम वडारांचे, पण यल्लप्पा शहाणा माणूस. तो मुद्दाम दोन पावले मागे सरकला.

रामराव पाटलांनी पागोटे काढून गेनबांकडे दिले, गुडघ्यावर बसले आणि पाटी घेतली. मग माणसे आपोआप रांगेला लागली. दुसरी पाटी लोहाराने घेतली, तिसरी न्हाव्याने, चौथी कन्हेरीहून निवाडा बघायला आलेल्या व्याह्यांनी. खालून तात्या ओरडत होते, "हळू! चाळून बघा रं, तसंच फेकू नगासा!"

पाचव्या पाटीला खड्ड्याच्या कडेशी मेंबरसाहेब होते. परीटघडीचा पांढरा कोट, आणि पाटीतून ओली वाळू गळत होती. सगळी रांग त्यांच्याकडे बघत होती.

"घ्येतली का?" खड्ड्यातून आवाज आला.

मेंबरसाहेब वाकले.

"घेतली," ते म्हणाले.